खांद्याआडची तारीख

ज्या देशात तेव्हा फूटभरसुद्धा रूळ नव्हता, तिथे बसून मी दर शुक्रवारी आगगाडीचे मालडबे ओळखत होतो. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुबईत एका कन्सल्टंटच्या ऑफिसात मी मेकॅनिकल इंजिनिअर होतो. तिथे एक म्हातारा इंग्रज होता, पंपांचा तज्ज्ञ. तरुणपणी तो दोनदा भारतात हिंडून गेला होता, बहात्तरला एकदा आणि एकोणऐंशीला एकदा, वाफेच्या इंजिनांचे फोटो काढायला. इंजिनांचे फोटो त्याने केव्हाच लावून संपवले होते. उतारवयात त्याचं लक्ष इंजिनामागच्या डब्यांकडे गेलं. इंजिनांवर सगळेच लिहितात, मालडब्यांकडे कोणी बघत नाही, असं तो म्हणायचा. खोकी भरून स्लाइडी होत्या त्याच्याकडे, आणि त्यातल्या प्रत्येक डब्याचं कूळ त्याला लावायचं होतं: कुठल्या रेल्वेचा, कुठल्या प्रकारचा, कधीचा.

एकदा चहाच्या वेळी त्याने एक स्लाइड खिडकीसमोर धरून मला दाखवली. मी बघितली आणि म्हणालो, हे तर आमचं यार्ड आहे.

आमचं जंक्शन दक्षिण महाराष्ट्रातलं. तीन रुंदीचे रूळ तिथे एकत्र येत, म्हणून असल्या नादाची माणसं तिथे हमखास उतरत. हा दोन्ही वेळा उतरला होता. माझे वडील त्याच यार्डात सिक लाइनला खलाशी, म्हणजे दुरुस्तीवरचे मदतनीस होते. सिक लाइन म्हणजे आजारी डब्यांची लाइन. आस तापलेला, दार निखळलेला, तारीख उलटलेला डबा गाडीतून काढून तिथे आणून उभा करायचे. शाळेच्या पुस्तकात मालडब्याला वाघीण म्हणत. यार्डात असं कोणी ओरडलं असतं तर माणसं पळत सुटली असती. आम्ही डबाच म्हणायचो. वडिलांना वाचता येत नव्हतं, आणि मला नवं नवं वाचता यायला लागलं तेव्हा वाचायला समोर होतं ते डब्यांचं अंग. पाटीच्या आधी मी डबे वाचले, असं म्हटलं तरी चालेल.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करून मी दुबईच्या करामा भागातल्या बॅचलर खोलीतसुद्धा पलंगाच्या डोक्याशी लावलं होतं. त्यावरून माझी थट्टा व्हायची. ज्यांच्या घरात चार पिढ्यांची सर्टिफिकेटं आहेत त्यांनी ती खुशाल माळ्यावर टाकावीत. आमच्यात एकच होतं.

तर शुक्रवारी ऑफिस बंद असलं की आम्ही दोघं ड्रॉइंग तपासायच्या दिव्याच्या टेबलावर स्लाइडी मांडून बसायचो. बाहेर ऊन, आत एसीचा घरघराट, आणि टेबलावर उजेडात आमच्या गावचं धुरकट यार्ड. डबा ओळखायचा म्हणजे आधी रूळ बघायचा. रूळ गवतात बुडाला असेल तर डब्याची टोकं. दोन्ही कोपऱ्यांना धक्का झेलणारे बफर असले तर ब्रॉडगेज, मधोमध एकच असला तर मीटर गेज. मग अंगावरच्या लोखंडी पट्ट्या, दार सरकतं की उघडझाप करतं, रिव्हेट आहेत की वेल्डिंग, चाकाशेजारची पेटी कशी आहे. अक्षरं सर्वांत शेवटी, कारण अक्षरं फसवतात. रंग उडालेला असतो, वरून कोणी खडूने काहीबाही लिहिलेलं असतं, एका रेल्वेचा डबा दुसरीकडे जाऊन नवी अक्षरं अंगावर घेतो.

म्हाताऱ्याचा एक नियम मला फार आवडायचा. स्लाइडीच्या चौकटीवर जे दिसतं ते शाईने लिहायचं, आणि जे नुसतं वाटतं ते पेन्सिलीने. दोन्हींची सरमिसळ करायची नाही. त्याच्या मूळच्या पुठ्ठ्याच्या चौकटी दमट हवेने खराब झाल्या होत्या. त्यांवर फोटो धुतल्याच्या तारखा छापलेल्या असायच्या. त्याने सगळ्या स्लाइडी प्लास्टिकच्या चौकटींत घातल्या आणि त्या भानगडीत तारखा गेल्या, दोन्ही फेऱ्यांच्या स्लाइडी एकमेकींत मिसळल्या. म्हणून आमचा निम्मा वेळ एकाच प्रश्नात जायचा: ही पहिल्या फेरीतली की दुसऱ्या?

काही स्लाइडींचे मोठे प्रिंट तो करामातल्या एका स्टुडिओत काढून घ्यायचा. स्टुडिओ माझ्या बिल्डिंगच्या खालच्याच गल्लीत, म्हणून ते आणायचं काम माझं.

आमच्या फ्लॅटमध्ये सगळे मराठी. त्यांत सगळ्यांत मोठे काका. खरं तर कोणाचेच काका नव्हते, एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते, पण त्यांच्या हातचं मटण खाल्लं की माणूस आपोआप काका म्हणायला लागायचा. त्यांचं गाव आमच्या जंक्शनपासून जवळ. सातवीपर्यंत शिकलेले. मला ते 'इंजिनिअर' म्हणायचे, आणि त्यात थट्टा किती नि कौतुक किती हे मी कधी तपासलं नाही.

त्या शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी जमिनीवर पेपर अंथरून नवे प्रिंट लावत बसलो होतो. काका भिंतीला टेकून सुपारी कातरत होते.

"काय इंजिनिअर, लग्नाच्या वयात पोरींचे फोटो बघायचं सोडून डबं बघतोस व्हय?"

"डबे पगार विचारत नाहीत, काका."

"आणि ह्या एका फोटूचं किती घेतलं त्यानं?"

"पंधरा दिरहम."

"पंधरा! म्हंजे दीडशे रुपयं. आरं, दीडशात आमच्याकडं अख्ख्या वरातीचा फोटू निघतोय, घोड्यासकट."

असं म्हणत त्यांनी एक प्रिंट उचलला. मी पुढच्या फोटोकडे वळलो होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की कातरायचा आवाज थांबलाय.

"ह्यो आमचा दादा हाय," काका म्हणाले.

फोटोत मीटर गेजचा एक बंद डबा होता. त्याला टेकून एक हमाल उभा होता, खांद्यावर टॉवेल, एक हात कमरेवर, सरळ कॅमेऱ्याकडे बघत. तिशीतला असेल. त्याच्या खांद्यामागे डब्यावरची पांढरी अक्षरं झाकली गेली होती. फक्त खालच्या कोपऱ्यातला आकडा स्पष्ट दिसत होता: ८-७५. ऑगस्ट पंच्याहत्तर.

काकांच्या दादाची गोष्ट आम्हाला सगळ्यांना माहीत होती. ते आमच्या यार्डात बदली हमाल होते. ब्रॉडगेजच्या डब्यातलं पोतं पाठीवर घेऊन मीटर गेजच्या डब्यात टाकायचं, हे काम. चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीनंतर एके सकाळी ते जेवणाचा डबा घेऊन कामाला गेले आणि परत आलेच नाहीत. घरी बायको आणि दीड वर्षाची मुलगी, मुन्नी. कोणी म्हणे हुबळीला दिसले, कोणी म्हणे गाडीखाली आले आणि ओळख पटली नाही. प्रेत मिळालं नाही, पत्र आलं नाही. वहिनींनी मंगळसूत्र काढलं नाही, कुंकू पुसलं नाही. गावानेही फार काही म्हटलं नाही. हळदीकुंकवाला बोलवायचे, पण ओटी भरताना बायका एकमेकींकडे बघायच्या, असं काका एकदा म्हणाले होते.

आणि आता त्या मुलीचं लग्न ठरलं होतं. काका सुट्टी मंजूर करून घेऊन बसले होते, कन्यादान त्यांनाच करायचं होतं. पत्रिकेचा कच्चा मजकूर कोणाच्या तरी सामानातून दुबईत येऊन पडला होता, तो मीही पाहिला होता. 'यांची एकुलती एक कन्या' याच्या वर वडिलांचं नाव होतं आणि नावाच्या आधी जागा कोरी. 'श्री.' की 'कै.', ते काकांनी ठरवून कळवायचं होतं. मुलाकडच्यांनी सरळच निरोप दिला होता, तुम्हाला काय छापायचं ते छापा, पण एक काहीतरी छापा. महिनाभर तो कागद काकांच्या उशीखाली होता.

"पंच्याहत्तर," काका म्हणाले. त्यांनी बोट त्या आकड्यावर ठेवलं होतं. "दादा चौऱ्याहत्तरला गेला. आणि हितं पंच्याहत्तर लिवलेल्या डब्याला टेकून हुबा हाय. जरा वाळलाय बघ. म्हंजे माघारी आलता त्यो यार्डात. आमाला भेटला न्हाई, पर आलता."

प्रिंटच्या मागे म्हाताऱ्याने चौकटीवरचा मजकूर उतरवला होता. शाईने डब्याचा प्रकार. खाली पेन्सिलीने, दुसरी फेरी, आणि प्रश्नचिन्ह. दुसरी फेरी म्हणजे एकोणऐंशी. काकांनी तेही वाचून घेतलं माझ्याकडून.

"काका, थांबा. ही तारीख कसली आहे ते बघू दे आधी."

"कसली म्हंजे? पंच्याहत्तर ती पंच्याहत्तर. माझी सातवी झालीया."

"डब्यावर दोन तारखा असतात."

मी सांगायला लागलो. मोठी दुरुस्ती झाली की कारखाना डब्यावर दोन तारखा घालतो. एक दुरुस्ती झाल्याची, तिच्याशेजारी कारखान्याची अक्षरं. दुसरी पुढच्या दुरुस्तीची, त्या तारखेपर्यंत डबा कारखान्यात परत आला पाहिजे. दोन्हींमध्ये तीन-चार वर्षं असतात. फोटोत एकच दिसत होती, दुसरी दादांच्या खांद्याआड. दिसणारी तारीख झालेल्या कामाची असेल तर फोटो पंच्याहत्तरनंतरचा, म्हणजे एकोणऐंशीचा. पुढच्या कामाची असेल तर फोटो तिच्या आधीचा, म्हणजे बहात्तरचा, दादा घरी होते तेव्हाचा.

काका ऐकत नव्हते. त्यांनी लुंगी बदलून पँट घातली, आरशासमोर उभं राहून केस विंचरले आणि फोनकार्ड घेऊन खाली बूथवर गेले. वहिनींकडे फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात फोन करून बोलावून घ्यावं लागायचं. फोनवर बोलायला केस विंचरून गेलेला माणूस मी तेवढाच पाहिला.

परत आले तेव्हा हातात बकलाव्याचा डबा होता.

"काय म्हणाल्या वहिनी?" आमच्यातल्या एकाने विचारलं. तो पुण्याचा, अकाउंट्समध्ये होता.

"काय न्हाई. रडली बी न्हाई. 'मला ठावं हुतं' म्हणली. प्रेसवाल्याला निरोप दिलाय, 'श्री.' लाव म्हणून." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू इंजिनिअर, जा, तुझ्या साहेबाकडनं नीट बघून ये. पंच्याहत्तरच निघणार. यल्ला, तोंड गोड करा."

मी बकलावा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढला. तो म्हणाला, मी ती तारीख झालेल्या कामाचीच धरली, कारण आमच्याकडच्या डब्यांवर मला तीच सवय आहे. पुढची तारीख लिहीत असतील हे डोक्यातच आलं नाही. पण पेन्सिलीने लिहिलं होतं ना मी? असंही तो म्हणाला. लिहिलं होतं, पेन्सिलीनेच.

मग त्याने एक कामाची गोष्ट सांगितली. तो प्रत्येक फोटो दोनदा काढायचा, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. म्हणजे याच डब्याची आणखी एक स्लाइड कुठेतरी असणार, चौकटी बदलताना जोडी फुटली असणार. आम्ही रोज काम सुटल्यावर थोडा वेळ खोकी चाळू लागलो. माणूस शोधून उपयोग नव्हता, दुसऱ्या फोटोत तो असेलच असं नाही. डबा शोधायचा. याच डब्याच्या दारावर खडूची मोठी फुली होती आणि खालची पायरी एका बाजूने वाकलेली होती. वाकलेली पायरी आणि फुली, एवढ्या दोन खुणांवर आम्ही एकेक स्लाइड भिंगाखाली घालत गेलो.

बरेच डबे फुलीचे निघाले. यार्डात खडूला तोटा नव्हता. वाकलेल्या पायरीचेही एक-दोन. दोन्ही एकत्र असलेली स्लाइड सापडली ती पुढच्या शुक्रवारी.

तोच डबा. तेच ऊन, डब्याखाली तीच सावली. फक्त या वेळी दादा वळले होते, पोतं उचलायला वाकत होते, पाठ आमच्याकडे. खांदा बाजूला झाल्यामुळे सगळी अक्षरं मोकळी. वर कारखान्याची अक्षरं आणि ११-७१. तिच्या खाली ८-७५.

म्हाताऱ्याने टेबलावर थाप मारली. मलाही आनंद झाला. जे वाटलं होतं ते तसंच निघालं की होतोच आनंद, तो काही विचारून येत नाही. त्याने रबर घेतलं, चौकटीवरची पेन्सिल पुसली आणि शाईचं पेन उघडून लिहिलं: पहिली फेरी. प्रश्नचिन्ह नाही. मग मान वर न करता विचारलं, तुझ्या मित्राचा भाऊ कधी गेला म्हणालास? मी सांगितलं. त्याने पेनाला टोपण लावलं. टेबलाखालचा दिवा बंद केला, तसं सगळं यार्ड काळं झालं.

घरी आलो तेव्हा काका मोरीत बसून मासे साफ करत होते.

"काका, फोटो आधीचा आहे."

"कशाच्या आदीचा?"

"दादा जायच्या आधीचा. बहात्तरचा. दुसरा फोटो मिळाला, दोन्ही तारखा दिसतात त्यात."

त्यांनी हातातला मासा पुरा साफ केला. धुतला. ताटात ठेवला.

"साहेबानं तर दुसरी फेरी म्हणून लिवलं हुतं."

"ते पेन्सिलीने होतं. पेन्सिलीने म्हणजे अंदाज. आता शाईने लिहिलंय."

"शाई पुसता येत न्हाई?"

मी वाहता नळ बंद केला.

"वाळलेला दिसत हुता रं."

"तेव्हाच तसे असतील."

"व्हय. तवा बी तसाच हुता. खायाला कुठं हुतं?" त्यांनी दुसरा मासा घेतला आणि नुसता हातात धरून बसले. "मग आता?"

"काका, एवढंच कळलंय की फोटो आधीचा आहे. ते नाहीत असं यातून निघत नाही."

"हायत असं निघतंय?"

"नाही."

"मग काय उपेग तुझ्या शिक्षणाचा?"

मला राग आला. माझ्या शिक्षणाला कोणी बोललं की तेव्हाही यायचा, आजही येतो. मी म्हणालो, "आहे ते आहे तसं सांगायचा. तुम्हीच म्हणालात नीट बघून ये. मी बघून आलो."

"आलास खरा," काका म्हणाले.

पुण्याचा तो दारात उभा राहून ऐकत होता. नंतर मला गॅलरीत नेऊन म्हणाला, "तू पण ग्रेटच आहेस. लग्न होईपर्यंत गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? पोरगी 'श्री.'वर बोहल्यावर चढली असती. ती बाई नवऱ्याचं कुंकू लावून मांडवात वावरली असती. नंतर सांगायचं होतंस, किंवा नव्हतंच सांगायचं. मालडब्याची तारीख, हबीबी, कोण विचारत होतं?"

मी त्यावर खूप विचार केला आहे. त्याचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. चुकीच्या तारखेवर कोणी आपलं घर उभं करत असेल आणि ती तारीख मला वाचता येत असेल, तर मी गप्प बसू शकत नाही. मला दुसरं काही येत नाही. पण पटत नाही म्हणून बरं वाटतं, असंही नाही.

काका संध्याकाळी फोन करायला निघाले तेव्हा म्हणाले, "चल संगट." मी गेलो. बूथपाशी आपल्याकडच्या माणसांची रांग. कोणी बायकोशी भांडत होता, कोणी पोराला पाढे म्हणायला सांगत होता. काकांचा नंबर आला. मी काचेबाहेर उभा होतो, पण दार नीट लागत नव्हतं.

"वयनी, मी बोलतोय. … न्हाई, तसं न्हाई. … त्यो फोटू जुना हाय. … व्हय, पक्कं. हितं एक शिकलेला पोरगा हाय, त्यानं बघून सांगितलं. … आदीचाच. मुन्नीच्या बारशाच्या आगंमागंचा असंल." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. कार्डाचे आकडे खाली खाली येत होते. "बरं. … बरं वयनी. सांगतो प्रेसवाल्याला."

बाहेर आल्यावर आम्ही बिल्डिंगपर्यंत चालत आलो. जिन्यात काका म्हणाले, "लग्नाचं घर हाय, घोळ नगो म्हणली. 'कै.' लिवा म्हणली." दोन पायऱ्या चढून थांबले. "आता पत्रिका गावभर गेल्यावर तिनं गळ्यात कसं ठेवायचं? त्ये काय मी इच्यारलं न्हाई. तिनं बी इषय काढला न्हाई."

काका लग्नाला गेले, कन्यादान करून आले. लाडू आणले होते, ते सगळ्यांना दिले, मलाही दिले. भांडण नाही, अबोला नाही. फक्त मला इंजिनिअर म्हणायचं त्यांनी सोडलं. नावाने हाक मारायला लागले. कोणाला सांगून पटणार नाही, पण ते मला लागलं. पुढच्या वर्षी त्यांच्या कंपनीने त्यांना अबूधाबीकडच्या साइटवर हलवलं, आणि शुक्रवारचं मटण बंद झालं.

म्हाताऱ्याचंही वय झालं होतं. नोकरी संपली की व्हिसा संपतो, व्हिसा संपला की देश सोडायचा, तिथला हा हिशेब गोऱ्यालाही चुकत नाही. त्याची खोकी जहाजाने गेली. जाण्याआधी त्याने तो दुसरा फोटो मोठा करून मला दिला, पाठमोऱ्या दादांचा. मागे शाईने सगळं व्यवस्थित लिहिलेलं: मीटर गेज, बंद, चारचाकी, पहिली फेरी. आणि त्याखाली, पेन्सिलीने, एक हमाल. ते त्याने पेन्सिलीने का लिहिलं ते मी विचारलं नाही.

त्या वर्षी सुट्टीवर गावी गेलो तेव्हा तो प्रिंट बॅगेत होता. आमच्या यार्डातलं मीटर गेज तोवर उखडून नेलं होतं. सिक लाइनच्या जागी बाभळी. वडील वारले होते, नाहीतर त्यांना दाखवला असता.

मी एसटीने वहिनींच्या गावाला गेलो. दोन खोल्यांचं घर. मुलगी सासरी, त्या एकट्याच होत्या. मला वाटलं होतं उंच बाई असेल. ठेंगण्या होत्या. कपाळ मोकळं, गळा मोकळा. गळ्यावर पोतीच्या जागी एक फिकट रेघ राहिली होती, उन्हात न रापलेली.

समोरच्या भिंतीवर दादा होते. काकांनी पहिला प्रिंट गावच्या स्टुडिओवाल्याला दिला असणार. त्याने डबा, टॉवेल, कमरेवरचा हात सगळं कापून नुसता चेहरा मोठा केला होता आणि मागे निळा रंग भरला होता. वर चंदनाचा हार. निळा रंग खालच्या कोपऱ्यात पुरला नव्हता. खांद्याच्या खाली, फ्रेमच्या कडेला, पाचाचा आकडा तसाच राहिला होता.

"काकू," मी म्हणालो, "दुबईत तुमच्या दिरांबरोबर राहायचो तो मी."

"त्यो शिकलेला?"

"हो."

त्यांनी मला पाट दिला. मी प्रिंट काढून हातात दिला. त्यांनी तो दाराच्या उजेडात नेला आणि उभ्यानेच बघितला. किती वेळ बघितला ते मी सांगणार नाही. मला बसवेना, म्हणून मी भिंतीकडे बघत राहिलो आणि भिंतीवर पुन्हा तेच होते.

"पाठ त्यांचीच," त्या म्हणाल्या. "जाताना पाठच बघिटली हुती मी. मग त्वांड कसं दिसायचं ते आठवंना झालं. पाठ आठवायची. भितीवरला फोटू आला तवा मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा हाय."

मग त्यांनी बोट अक्षरांवर ठेवलं. "आणि ह्ये काय लिवलंय? ह्याच्यावरनंच ठरलं न्हवं सगळं?"

"वरची तारीख डबा दुरुस्त झाला ती. खालची, परत कधी न्यायचा ती."

"कुठं न्यायचा?"

"कारखान्यात. जिथून निघाला तिथे."

"मग आलता का त्यो?"

डब्याचं विचारत होत्या. मला खरंच माहीत नव्हतं. काही डबे येतात, काही वाटेत कुठेतरी मोडीत निघतात, काहींचा पत्ताच लागत नाही. आला असेल, एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

"नियमाने यायला पाहिजे," मी म्हणालो.

"नियमानं," त्या म्हणाल्या.

त्यांनी फोटो पदराने पुसला. भिंतीकडे एकदा बघितलं. भिंतीवर जागा होती, पण त्यांनी तो फडताळात लुगड्यांच्या खाली ठेवला, फडताळ लावलं आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.